पहारेकऱ्याला बाहेर ठेवून

चाकणच्या चौकातून शिक्रापूरचा रस्ता धरला, की पुढे नगरचा हमरस्ता लागतो. आज चाकणला जर्मन कंपन्यांच्या मोटारी तयार होतात. शंभर वर्षांपूर्वी त्याच नगरच्या लष्करी छावणीत जर्मन माणसं तारेच्या कुंपणाआड होती. पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा हिंदुस्थानात असलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन व्यापारी, मिशनरी, बोटींवरचे खलाशी इंग्रज सरकारनं तिथं नेऊन ठेवले. बायकामुलांची छावणी बेळगावात होती.

१९१७च्या सुरुवातीला जिनीव्हाच्या रेडक्रॉसनं ब्लांशो, शोख आणि थॉर्मेयर हे तीन प्रतिनिधी धाडले. इजिप्तमधले तुर्की कैदी पाहून ते इकडं आले. नगर, बेळगाव, बळ्ळारी करत पार ब्रह्मदेशापर्यंत गेले. छावणी तपासायची म्हणजे अंथरूण, पाणी, भटारखाना, संडास, दवाखाना बघायचा. घरचं पत्र किती दिवसांनी हाती पडतं, हेही विचारायचं. घरापासून तुटलेल्या माणसाला पत्र भाकरीइतकंच लागतं.

पण आपल्याकडं कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तपासणी येणार म्हटलं की आदल्या रात्री फरशी धुतली जाते. म्हणून मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते कैद्याशी एकांतात झालेलं बोलणं. पहारेकरी शेजारी उभा असताना आमटी पातळ असते, हे कोण सांगेल? १९२९च्या जिनीव्हा करारानं कैद्याशी शक्यतो तिऱ्हाइताविना बोलू द्यावं असं म्हटलं. १९४९च्या करारातून तो 'शक्यतो' गेला. दुसरं महायुद्ध होऊन गेल्यावर गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नगरचा विषय निघाला की मला आपली माणसं आठवतात. एप्रिल १९१६मध्ये इराकातलं, इंग्रज फौजेच्या ताब्यातलं कूट शहर पडलं आणि मराठा पलटणींचे शिपाई तुर्कांच्या हाती लागले. त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. भूक, तहान, हगवण यांनी वाटेतच कितीतरी जण गेले. रेडक्रॉसचे प्रतिनिधी तुर्कस्तानातल्या छावण्यांतही पोचले. तिथं त्यांना भेटले ते चालून पोचलेले शिपाई. वाटेत पडले त्यांना विचारायला कुणी आलं नाही.