नमाजाची वेळ आणि साधनशुचिता

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल्-शातिर नावाचे एक ज्योतिर्विद सेवेत होते. त्यांचा हुद्दा ‘मुवक्कित’ असा होता. मुवक्कित म्हणजे नमाजाच्या वेळा निश्चित करणारा अधिकारी. सन १३७१ मध्ये त्यांनी मशिदीच्या मनोऱ्यासाठी संगमरवरी फरशीवर एक भव्य छायायंत्र कोरून दिले. फरशीवरील रेषांवरून सावली सरकत जाई आणि तिच्या आधारे दिवसाच्या वेळा कळत. त्या यंत्राने शहराला वेळ सांगितली. पण नमाजाला कोण आला, कोणत्या मोहल्ल्यातून आला आणि कोणाच्या सोबतीने आला, हे त्याने कधी विचारले नाही. वेळ सांगण्यासाठी त्या माहितीची गरजच नव्हती.

आज मुवक्किताचे हे काम माणसाच्या खिशातील मोबाइल करतो. एक छोटेसे अ‍ॅप त्यात घेतले, की पाचही वेळा अजान ऐकू येते, किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबागृहाची दिशा दिसते, रोजा सोडण्याची घटका समजते. मशिदीपासून दूर, कारखान्यात, वसतिगृहात किंवा परमुलखात राहणाऱ्या माणसाची यामुळे केवढी सोय झाली आहे, हे सांगावयास नको. परंतु सोयीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. या हिशेबाची दुसरी बाजू नोव्हेंबर २०२० मध्ये जगापुढे आली.

‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा सांगणारे अ‍ॅप तोपर्यंत जगभरात ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. ते वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या अमेरिकन कंपनीकडे जात असल्याचे ‘मदरबोर्ड’ या वृत्तप्रकाशनाने उघडकीस आणले. ठावठिकाण्याची माहिती विकणे हाच एक्स-मोडचा व्यवसाय होता, आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कामे घेणारे कंत्राटदारही होते. आपण लष्कराला माहिती विकली, हा आरोप मुस्लिम प्रोच्या चालकांनी नाकारला; मात्र एक्स-मोडसह माहिती घेणाऱ्या सर्व भागीदारांशी संबंध तोडत असल्याचे त्यांनी जाहीर केले. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एक्स-मोड आणि तिची वारस कंपनी यांना संवेदनशील ठिकाणांशी निगडित माहिती विकण्यास मनाई केली. त्या ठिकाणांत दवाखाने होते, पीडितांची आश्रयगृहे होती आणि प्रार्थनास्थळेही होती.

कायद्याचा निवाडा कायदा करील. श्रद्धावान मुसलमानापुढे मात्र एक वेगळा प्रश्न उभा राहतो. ज्या साधनाने नमाजाची वेळ साधायची, ते साधनच जर धर्माने निषिद्ध मानलेले काम करीत असेल, तर त्याची निवड ही निव्वळ आवडीनिवडीची बाब राहते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कुराणातील ‘अल्-हुजुरात’ या सूऱ्यात दुसऱ्याविषयी संशय बाळगणे, त्याच्यावर पाळत ठेवणे आणि त्याच्या पाठीमागे निंदा करणे या तिन्ही गोष्टींचा निषेध एकाच आयतीत केला आहे. संशयातून पाळत आणि पाळतीतून निंदा, असा या तिन्ही दोषांचा एकमेकांशी संबंध आहे. ‘अन्-नूर’ या सूऱ्यात दुसऱ्याच्या घरी अनुमतीवाचून प्रवेश न करण्याची आज्ञा आहे. परत जा असे घरातून सांगितले गेले, तर परत फिरावे, असेही तेथे सांगितले आहे.

खलिफा उमर यांच्याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. एका रात्री मदिनेत फेरी मारताना एका घरातून त्यांना गलबला ऐकू आला. भिंतीवरून चढून ते आत गेले, तो घरधनी मद्य घेऊन बसलेला. खलिफांनी त्याला खडसावले. तेव्हा तो उत्तरला की, आपल्या हातून एक अपराध घडला असेल, पण खलिफांच्या हातून तीन घडले: त्यांनी पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून प्रवेश केला आणि अनुमती मागितली नाही. उमर यांनी आपली चूक मान्य केली. घरातील मनुष्य खरोखरच दोषी होता, हे या कथेत विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. दोषी माणसाच्या उंबरठ्यालाही जर मान असेल, तर नमाजासाठी उभ्या राहिलेल्या निरपराध माणसाच्या ठावठिकाण्याचा बाजार कोणत्या न्यायाने मांडता येईल?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. मनुष्याने मान्यता दिली म्हणूनच माहिती गेली, असे म्हणतात. इस्लामी व्यवहारशास्त्राने या मुद्द्याचा विचार फार पूर्वीच केला आहे. ज्या सौद्यात काय दिले आणि काय घेतले, हेच अनिश्चित असते, त्याला ‘गरर’ म्हणतात. पाण्यातला मासा न पकडताच विकणे, आकाशातला पक्षी विकणे, ही त्याची ठरीव उदाहरणे. अनेक पृष्ठांचा बारीक मजकूर न वाचता ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकवणाऱ्यास आपण काय देऊन बसलो, हे ठाऊक नसते. त्या होकाराला खुशीचा सौदा म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप असा, की ज्याने काही लपवावयाचे नाही, त्याने भिण्याचे कारण काय? परंतु मोबाइलमध्ये एकट्या धन्याची माहिती नसते. त्यात शेजाऱ्यांचे, आप्तांचे, अडल्यानडल्याने विश्वासाने दिलेले क्रमांक असतात. ही ‘अमानत’ होय. स्वतःची वस्तू उधळण्याचा अधिकार एखाद्याने सांगितला, तरी दुसऱ्याची ठेव उधळण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

मग पर्याय कोणता? मोबाइल टाकून देणे हा पर्याय नव्हे. नमाजाची वेळ सूर्याच्या स्थानावर अवलंबून असते. तिचे गणित करण्यास त्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि तिथी एवढे पुरते. रत्नागिरीचा शाफई पंथाचा कोकणी मुसलमान दुपारची सावली वजा जाता वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असरची वेळ झाली असे मानतो, तर हनफी पंथात ती दुप्पट होण्याची सर्वसाधारणपणे वाट पाहतात. हा भेदही गणितात सहज बसतो. गावाचे नाव एकदा लिहून दिले, की मोबाइल सारे गणित आपल्यापाशीच करू शकतो. माणूस कोठे उभा आहे हे कोणालाही कळवण्याचे कारण पडत नाही. म्हणून साधन निवडताना साधा प्रश्न विचारावा: कामाला जे लागत नाही, ते हे साधन का मागत आहे? मशिदीच्या भिंतीवर लावलेले छापील वेळापत्रक या कसोटीला आजही पूर्ण उतरते.

मोबाइलवरच साधन हवे असेल, तर ज्यांची आतील रचना कोणासही तपासता येते, अशी मुक्त साधने उपलब्ध आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पापासून ही चळवळ वाढत गेली. रचना उघडी असली म्हणजे साधन निर्दोष ठरते असे नाही. परंतु त्यातील दोष शोधणे शक्य होते. ती रचना सामान्य माणसाला वाचता येत नाही, हे खरे आहे. त्याला उत्तर ‘फर्ज-ए-किफाया’ या कल्पनेत सापडते. समाजातील काहींनी पार पाडले असता सर्वांवरून उतरते, पण कोणीच न केल्यास सर्वांना दोष लागतो, असे ते कर्तव्य. दमास्कसच्या प्रत्येक नमाजीला खगोलगणित येत नव्हते. शहराला एक विश्वासू मुवक्कित पुरेसा होता. आजच्या मुवक्किताला संगणकाची भाषा यावी लागेल, इतकाच फरक आहे. ज्या तरुणांना ती येते, त्यांनी मशिदीसाठी, मदरशासाठी, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांसाठी साधने पारखून देणे, ही धर्मसेवाच होय.

अर्थात, सर्वांना सर्व काळी शुद्ध साधन मिळेलच असे नाही. नोकरीच्या ठिकाणी, बँकेत, मुलांच्या शाळेत ठरावीक अ‍ॅपवाचून भागत नाही. धर्मशास्त्र निकडीला सवलत देते. मात्र ती निकडीपुरतीच असावी, असेही बजावते. निकड कोठे संपते आणि आळस कोठे सुरू होतो, हे ज्याचे त्याने स्वतःशी ठरवावयाचे आहे.

खाजगीपण हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. हा अधिकार सर्व धर्मीयांचा आहे. साधनशुचिता हा शब्द या देशाला नवा नाही. साध्य पवित्र असेल तर साधनही पवित्र असावे, ही शिकवण येथे रुजलेली आहे. नमाजापूर्वी वजू करताना मुसलमान हात, तोंड आणि पाय धुतो. ज्या यंत्राच्या हाकेने तो वजूला उठतो, त्या यंत्राचीही एकदा पारख व्हावी, एवढेच त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याकडे मागत आहे.