हरकतीची पोच

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारे. काउंटरवर पाचशे रुपये भरणारा माणूसही शिक्का मारलेली पावती घेतल्याशिवाय हलत नाही. परंतु ज्या वस्तीत आयुष्य काढावयाचे, तिचा विकास आराखडा ठरत असताना आपण साधा अर्जही करीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कोणती जमीन निवासी, कोठे शाळा, कोठे मैदान, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये होणाऱ्या विकास आराखड्यात ठरते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात आणि हरकत घेणाऱ्यांची नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

आमचा पहिला अनुभव लाजिरवाणा होता. आमच्या उपनगरातील मुलांच्या खेळण्याची जागा प्रारूपात निवासी दाखविली होती. आम्ही पंधराजण तावातावाने सुनावणीस गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "आपली हरकत कोणत्या सर्व्हे नंबरबाबत? अर्जाची पोच कोठे आहे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. प्रत्येकाला वाटले होते, अर्ज दुसऱ्याने केला असेल! दोष आमचाच होता. आज त्या जागी इमारत उभी आहे आणि मुले रस्त्यावर खेळतात.

याउलट मुंबईचे उदाहरण पाहा. २०१४ ते २०३४ साठीचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चुकांवर नागरिकांनी ६० हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल केल्या. एप्रिल २०१५ मध्ये शासनाला फेरतयारीचा आदेश द्यावा लागला. २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आले व २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. कागदाची ताकद ती हीच.

आज उपनगरांत तीन मजली इमारतींच्या जागी वीस मजली मनोरे उभे राहत आहेत. कुटुंबे वाढतात, मैदान मात्र तेवढेच राहते. आरक्षण आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते.

सुनावणी कचेरीच्या वेळेत असते. धुणीभांडी करणाऱ्या भगिनीचा, नाक्यावरील मजुराचा त्यात दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून शिकलेल्यांची जबाबदारी अधिक. विद्यार्थी मित्रांनो, नकाशा वाचावयास शिका. आपल्या वस्तीचा सर्व्हे नंबर वहीत लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमचे मैदान गेले ते गेले. तुमचे जाऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.