लवचिकपणा मोजावा कसा?



विज्ञान-प्रदर्शनाचा हंगाम जवळ आला, कीं शाळाशाळांतून ज्वालामुखी दिसूं लागतात. कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याच्या पोटांत खाण्याचा सोडा आणि वरून लिंबाचा रस. फेंस वर आला कीं पाहुणे टाळ्या वाजवितात. छत्तीस वर्षांच्या शिक्षकींत असे ज्वालामुखी मीं किती पाहिले, त्याची गणती नाहीं. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु ज्याचें उत्तर करणाऱ्याला आधींच ठाऊक आहे, त्याला प्रयोग म्हणणें मला जड जातें. म्हणून आज मी अशा एका प्रयोगाविषयीं बोलणार आहें, कीं ज्याला पैका जवळजवळ लागत नाहीं, आणि ज्याचें उत्तर आम्हां गुरुशिष्यांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. मला तें ठाऊक आहे असें वाटत होतें, ही गोष्ट निराळी.

साल २००९. आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गांत खो-खोच्या संघांतील एक मुलगी होती. तिनें मला विचारलें, "गुरुजी, खेळणाऱ्या मुलींचें अंग न खेळणाऱ्या मुलींपेक्षां जास्त लवचिक असतें का?"

"असतें तर!" मी म्हणालों.

"मग तें मोजायचें कसें?"

येथें मात्र माझी बोलती बंद झाली. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. शरीरशास्त्र म्हणून जें शिकलों, त्यांत हाडांची संख्या होती, सांध्यांची नांवें होतीं, पण सांधा किती वळतो हें कोठेंच नव्हतें. शोध करतां करतां बसून पुढें वांकण्याच्या चाचणीची माहिती मिळाली. कॅथरिन वेल्स आणि एव्हलिन डिलन या दोन अमेरिकन विदुषींनीं ती १९५२ सालीं प्रसिद्ध केली. हल्लीं 'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांतहि तिचा समावेश आहे. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची एक लांकडी पेटी घ्यावयाची, तिच्या माथ्यावर मोजपट्टी बसवावयाची. मुलानें अनवाणी बसून, गुडघे ताठ ठेवून तळवे पेटीला टेंकावयाचे आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून सावकाश पुढें सरकावयाचे. बोटें जेथपर्यंत पोंचून क्षणभर स्थिर राहतील, तें माप. गांवच्या सुतारानें मोडक्या बांकाच्या फळ्यांतून पेटी करून दिली, आणि काम सुरू झालें.

संघांतील मुलींचीं मापें संध्याकाळीं सराव संपल्यावर मैदानावर घेतलीं. न खेळणाऱ्या मुलींचीं सकाळीं वर्गांत. फरक इतका ठळक आला कीं मीं मनांतल्या मनांत बक्षीस घरीं आणून ठेवलें. तक्ता रंगवून झाला. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले असतां ती मुलगी वही घेऊन माझ्यापुढें उभी राहिली. तिनें स्वतःचें माप एकदां सकाळीं उठल्याबरोबर आणि एकदां सरावानंतर घेतलें होतें. दोहोंत चांगलाच फरक होता. मुलगी तीच, पेटी तीच!

चूक काय झाली होती हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. तापलेला स्नायू थंड स्नायूपेक्षां अधिक ताणला जातो. शिवाय माणसाचें अंग सकाळीं ताठर आणि दुपारनंतर मोकळें असतें. आम्हीं खो-खो मोजलाच नव्हता. सकाळ आणि संध्याकाळ मोजली होती.

मीं तिला काय सांगितलें, तें सांगावयास आजहि संकोच वाटतो. "आतां राहूं दे," मी म्हणालों, "परीक्षक इतकें खोलांत विचारीत नाहींत." ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या आधीं पाहतों, तों व्हरांड्यांत पेटी मांडलेली आणि मुलींची रांग लागलेली. सर्वांनीं पांच मिनिटें जागच्या जागीं धांवावयाचें, मग प्रत्येकीचीं तीन मापें. आंकडा वाचावयास तिनें पांचवींतली एक मुलगी बसविली होती; कोण खेळते आणि कोण खेळत नाहीं, हें तिला ठाऊक नव्हतें. ही युक्ति तिला कोणी सांगितली असें मीं विचारलें. "मी वाचलें असतें तर माझ्या मैत्रिणींना अर्धा सेंटिमीटर जास्तच दिला असता," ती म्हणाली.

नव्या मापांत फरक निम्म्याहून कमी झाला. आणि एकाच मुलीच्या तीन मापांतहि जवळजवळ तेवढाच फरक पडे. तिनें जुना व नवा असे दोन्ही तक्ते शेजारीं शेजारीं लावले. परीक्षकांनीं विचारलें, "मग निष्कर्ष काय?" ती म्हणाली, "एवढ्या मापांवरून सांगतां येत नाहीं." पहिलें बक्षीस ज्वालामुखीला मिळालें.

पुढें मीं या विषयावर मिळेल तें वाचलें. आज कोणा मुलानें हा प्रयोग मांडावयाचा म्हटला, तर मी प्रथम त्याचा प्रश्न लहान करीन. लवचिकपणा सबंध माणसाचा नसतो, सांध्यासांध्याचा असतो. बसून वांकण्याच्या चाचणींत मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंची परीक्षा होते. कंबरेविषयीं ती फारसें सांगत नाहीं. शिवाय ज्याचे पाय लांब व हात आंखूड, तो बिचारा मागेंच राहतो, आणि वाढत्या वयांत पाय धडाच्या आधीं लांब होतात, म्हणून तेरा वर्षांच्या मुलाची दहा वर्षांच्या मुलाशीं तुलना करणें अन्यायाचें. मुलींचें माप सामान्यतः मुलांपेक्षां अधिक येतें, तेव्हां तीं दोन्ही एकत्र मिसळूं नयेत. हातापायांच्या लांबीवर एक सोपा उपाय आहे. मुलाला पाठ व डोकें भिंतीला टेंकून बसवावें, हात समोर करावयास सांगावें, आणि बोटें जेथें येतील तेथें त्याचें स्वतःचें शून्य धरावें.

याहून मला आवडतो तो खांद्याचा प्रयोग. सतत चेंडू फेंकणाऱ्या खेळाडूच्या फेंकत्या हाताचा खांदा बाहेरच्या बाजूस अधिक व आंतल्या बाजूस कमी फिरतो, असें पुष्कळदां आढळतें. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे दोन्ही खांदे कोनमापकानें मोजावे. दोन पट्ट्या एका खिळ्यावर जोडून कंपासपेटींतला कोनमापक त्यांना चिकटविला कीं साधन तयार. येथें तुलना मुलाची त्याच्या स्वतःशींच होते. वय तेंच, उंची तीच, सकाळ-संध्याकाळहि तीच.

एक अवघड गांठ मात्र उरतेच. खेळानें अंग लवचिक होतें, कीं लवचिक अंगाचीं मुलेंच त्या खेळाकडे वळतात? एकदांच मोजून हें कळावयाचें नाहीं. नव्यानें खेळूं लागणाऱ्या मुलांचीं मापें आरंभीं व दोन महिन्यांनीं घ्यावीं, आणि तेवढ्याच न खेळणाऱ्या मुलांचींहि तशींच घ्यावीं. पालकांची लेखी संमति असावी; पाठ दुखत असेल त्याला बसवूं नये; हिसका देऊन वांकूं देऊं नये. तक्त्यावर नांवें न लिहितां क्रमांक लिहावे, कारण मुलें एकमेकांना चिडवितात.

ती पेटी शाळेनें मोडींत काढली, तेव्हां मीं ती मागून घेतली. माझा नातू यंदा सहावींत आहे. गेल्या रविवारीं सकाळीं त्यानें ती माळ्यावरून काढली आणि पहिलें माप आजोबांचें घेतलें. माझीं बोटें पायांच्या अलीकडेच चार बोटें थांबलीं. त्यानें तो आंकडा वहींत लिहिला आहे; शेजारीं वेळहि लिहिली आहे, आणि संध्याकाळीं पुन्हां बसावयाचें, अशी मला ताकीद दिली आहे.