नीलकंठभट्टांचा घोडा आणि मुलांनी लिहिलेले खेळ



काशी म्हटले की मराठी माणसाला घाट आठवतात, गंगेची कावड आठवते आणि इतिहासाची गोडी असेल तर १६७४ च्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट आठवतात. गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांच्या वडिलांचे चुलत बंधू नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत बसून ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या खटल्यांना आधार झाला, म्हणून वकिलांना तो ठाऊक असतो. ‘नीतिमयूख’ मात्र फारसा कोणी उघडत नाही. राजनीतीच्या त्या ग्रंथात बुद्धिबळाचे नियम दिलेले आहेत. शिवाय घोडा चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घरी एकदाच जाऊन पट कसा पुरा करतो, त्याचे मार्गही श्लोकांत सांगितले आहेत. धर्मशास्त्राच्या गाढ्या पंडिताने खेळासाठी एवढी शाई खर्च केली, हे मुलांच्या खेळण्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहणाऱ्या पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

ते श्लोक म्हणजे आज्ञाच आहेत. ज्याच्यापाशी पट आणि सोंगटी आहे, त्याने एकेक पाऊल वाचीत जावे आणि घोडा चालवावा. संगणकाच्या स्क्रिप्टिंग भाषा याच रीतीने चालतात. आज्ञांचा मजकूर माणसाला वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेला असतो आणि यंत्रातला दुभाषा तो वाचीत वाचीत अमलात आणतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही अशा भाषांपैकी आज शाळकरी मुलांना सर्वांत जवळची. तिच्यात चित्रे हलवणारे, आवाज काढणारे ‘पायगेम’ हे साधन २००० पासून फुकट मिळते. नीलकंठभट्टांचा घोडा पायथनमध्ये तीसेक ओळींत चालवता येतो. पुढे जाण्याच्या वाटा जिथून सर्वांत कमी, त्या घरी आधी जावे, हा १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फने सांगितलेला नियम पाळला की यंत्र सहसा अडखळत नाही. नववीतली मुलगी हा खेळ आठवडाभरात लिहू शकते.

लिहून झाल्यावरच खरी अडचण सुरू होते. हौसेने लिहिलेले बहुतेक खेळ ज्या संगणकावर जन्मले, त्याच संगणकावर संपतात. मामाकडे पाठवलेली फाइल उघडत नाही, कारण मामाच्या संगणकावर पायथनच नसते. मग पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने दुभाषा आणि खेळ यांची एकच मोट बांधतात. ती मोट पुष्कळ मोठी होते, विंडोजसाठीची विंडोजवरच बांधावी लागते आणि कधी कधी व्हायरस तपासणारी प्रणाली तिला चोर समजून अडवते. घरच्या संगणकावर घोड्याचे चित्र ज्या फोल्डरात होते, तिथला पूर्ण पत्ता मजकुरात तसाच राहिला, तर दुसऱ्याच्या पटावर घोडा दिसतच नाही. विंडोजला फाइलच्या नावातील लहानमोठी रोमन अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी. या क्षुल्लक चुका दुरुस्त करताना मूल जे शिकते, ते खेळ लिहिताना शिकत नाही: दुसऱ्याच्या घरी काय आहे आणि काय नाही, याचा विचार.

मराठीत खेळ लिहिणाऱ्यापुढे आणखी एक पेच असतो. ‘स्त्री’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतला मुलगा म्हणेल, एक. पायथन म्हणते, सहा. कारण ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी वेगवेगळी चिन्हे मोजते. ‘वाराणसी’ची चार अक्षरे तिथे सात होतात. शब्द ओळखण्याचा खेळ याच मोजणीवर उभा केला, तर मराठी मुलाला त्यात काना एका चौकटीत आणि व्यंजन दुसऱ्या चौकटीत मिळते. खेळाच्या कित्येक साधनांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षर फुटते. तेव्हा अक्षर जुळवून मोजण्याचे काम लिहिणाऱ्यालाच करावे लागते. ते परदेशातला कोणी आपणहून करून देईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला अक्षर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या कामाला त्याच्याइतका लायक दुसरा कोण?

जोश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी रचलेला ‘वर्डल’ हा शब्दखेळ २०२१ मध्ये जगापुढे आला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकतही घेतला. तो जावास्क्रिप्टमध्ये होता. खेळणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये त्याचा मजकूर शब्दांच्या यादीसकट येऊन पोहोचे. जिज्ञासूंनी तो उघडून पाहिला आणि थोड्याच महिन्यांत अनेक भाषांत त्या धर्तीचे खेळ झाले. याच्या उलट कथा फ्लॅशची. ॲक्शनस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या हौशी खेळांवर एक पिढी वाढली. या सभेत बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांनीही सायबर कॅफेत ते खेळले असतील. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमधले ते खेळ उघडेनासे झाले. बांधलेली मोट तेवढी लोकांच्या हाती होती. आतला मजकूर बहुतेकांनी कधी दिलाच नव्हता. काही जिद्दी मंडळी आज ते खेळ वाचवीत आहेत, पण ते उत्खननासारखे काम आहे. नीलकंठभट्टांचे श्लोक नकलून घेणाऱ्यांच्या हातून हातात गेले, म्हणूनच तीन शतकांनंतर १९१३ मध्ये हॅरल्ड मरे यांना आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांची दखल घेता आली.

तेव्हा मुलाने खेळ वाटायचा तो दोन रूपांत वाटावा. खेळणाऱ्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारे रूप सर्वांत सोयीचे, कारण घरोघरी संगणक नसला तरी मोबाइल असतो. पायगेमचे खेळही आता पायगबॅग या साधनाने ब्राउझरमध्ये चालवता येतात. शिकणाऱ्यासाठी मूळ मजकूर, चित्रे, आवाज आणि मराठी फॉन्ट एकाच झिप फाइलमध्ये ठेवावे. इच.आयओसारख्या ठिकाणी दोन्ही फुकट ठेवता येतात. मात्र चित्रे आणि गाणी दुसऱ्याची उचललेली नसावीत. चित्रपटातले गाणे घालून खेळ वाटणे हे परवानगीवाचून करता येत नाही, हे पालकांनी वेळीच सांगितलेले बरे. झिपमध्ये एक छोटी मराठी टिपण-फाइल असावी. खेळ कसा सुरू करायचा, पायथनची कोणती आवृत्ती लागते, चित्रे कोणी काढली आणि मजकुरात बदल करून तो पुन्हा वाटण्याची मुभा आहे की नाही, एवढे तिच्यात लिहिलेले असले म्हणजे पुरे.