घड्याळाचा घट आणि जुन्या चित्रफिती

व्हिडिओ रेकॉर्डरमधील घड्याळ ही वरवर पाहता गौण वस्तू. परंतु ठरलेल्या वेळी यंत्राने आपोआप कार्यक्रम मुद्रित करावा, ही सोय सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात हे यंत्र अनेक घरांत पोहोचले. वीज गेली तरी घड्याळ चालत राहावे म्हणून पुष्कळ यंत्रांत एक लहानसा विद्युत्‌घट बसविलेला असे.

वीज परत आल्यावर घड्याळाचे आकडे नुसतेच लुकलुकू लागले, तर दोष बहुधा या घटाचा असतो. वीज अखंड चालू असतानाही वेळ चुकत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

घट सर्वत्र एकाच जातीचा नसतो. निकेल-कॅडमियम घट १.२ व्होल्टचा असतो आणि यंत्र त्यास पुनःपुन्हा विद्युत्‌भारित करते. लिथियमचा नाण्यासारखा घट सामान्यतः ३ व्होल्टचा असून तो पुन्हा भारित करावयाचा नसतो. म्हणून पहिल्याच्या जागी दुसरा बसविणे धोक्याचे. तो तापून फुटू शकतो. काही यंत्रांत घटाऐवजी कपॅसिटर असतो. नवा भाग जुन्याच जातीचा असावा, आणि त्याची धन व ऋण टोके पूर्वीप्रमाणेच जोडली जावीत.

खरी हानी मात्र घड्याळ बंद पडण्यात नाही. जीर्ण झालेल्या निकेल-कॅडमियम घटातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि फलकावरील तांब्याच्या रेषा कुरतडते. हिरवट किंवा पांढरी पुटे ही त्याची खूण होय. अशा वेळी यंत्र विजेपासून अलग करून काही काळ तसेच ठेवावे, कारण आतील कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार उरलेला असतो. मग हातमोजे घालून घट काढावा, डाग व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा, त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. डाख देण्याचा सराव नसलेल्याने हे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबविले. घरच्या लग्नाची किंवा दिवंगत आजीच्या आवाजाची चित्रफीत मात्र अशा यंत्रावाचून पाहता येत नाही. बहुतेक यंत्रे घड्याळाच्या घटाविनाही चित्रफीत दाखवितात; पाझरलेल्या घटासह ती फार काळ टिकत नाहीत. तेव्हा घड्याळाची गरज उरली नसली, तरी त्याचा जुना घट वेळीच काढून टाकणे अगत्याचे आहे.