सूरजागडचें लोखंड आणि सरकारी नियम

एखादा सरकारी नियम चांगला कीं वाईट, हें त्याच्या भाषेवरून कळत नाहीं. औषधाची परीक्षा बाटलीवरील चिठ्ठीवरून न करतां रोग्याच्या नाडीवरून करावयाची असते. त्याप्रमाणेंच नियमाची परीक्षा, तो जेथें लागू होतो तेथील माल, धंदा आणि माणसें पाहूनच करावी लागते. राजधानींत राजपत्रावर छापलेल्या चार ओळी शेंकडों कोस दूरच्या डोंगरांत कोणते फेरफार घडवून आणतात, हें पाहावयाचें असेल तर गडचिरोली जिल्ह्यांतील सूरजागडाइतकें बोलकें ठिकाण क्वचितच सांपडेल.

एटापल्ली तालुक्यांतील घनदाट रानांत हा डोंगर उभा आहे. त्याच्या पोटांत उत्तम प्रतीचें लोहखनिज आहे. परंतु भोंवतालच्या माडिया गोंडांच्या लेखीं तें ठाकुरदेवाचें स्थान असून दरवर्षीं जानेवारी महिन्यांत तेथें यात्रा भरते. एकाच डोंगराकडे खाणवाला माल म्हणून, सरकार महसूल म्हणून आणि रहिवासी दैवत म्हणून पाहतो. नियम करणारास या तिन्ही दृष्टींचा हिशेब घ्यावा लागतो, आणि खरी अडचण येथेंच सुरू होते.

या प्रदेशांतील लोखंड आणि नियम यांचा संबंध जुना आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला; तत्पूर्वीं हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यांत मोडत असे. नागपुरास १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत १८८२ सालीं फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यांत लोहारा येथें विपुल लोखंड आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नाहीं, हें पाहून पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. परंतु दोन अडचणी आडव्या आल्या. वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामीं उतरेना, आणि खाणींविषयींच्या तत्कालीन नियमांच्या अटी इतक्या जाचक होत्या कीं कोणीं भांडवल घालावें असें वाटूं नये. बेत बाजूस राहिला. पुढें १८९९ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत हे नियम सैल झाले आणि जमशेटजींनीं पुन्हां शोध आरंभिला.

मग चांद्यास कारखाना निघाला काय? नाहीं. नियमाची गांठ सुटली, पण कोळशाची गांठ सुटली नाहीं. शोध करणारे चांद्याहून दुर्गकडे व दुर्गहून मयूरभंज संस्थानांतील गुरुमहिसानी डोंगराकडे गेले, आणि अखेर कारखाना साकची येथें उभा राहिला. तेंच आजचें जमशेदपूर. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. उद्योग अडला म्हणजे सारा दोष नियमास द्यावा, आणि उद्योग भरभराटला म्हणजे सारें श्रेय नियमास द्यावें, हें दोन्ही चुकीचें. इतर कारणें वेगळीं काढल्यावर जें शिल्लक राहतें, तेवढेंच नियमाच्या खातीं मांडलें पाहिजे.

सूरजागडास हीच कसोटी लावून पाहावी. लॉइड्स मेटल्स या कंपनीस तेथील सुमारें ३४८ हेक्टर जमिनीचा खाणपट्टा २००७ सालीं मिळाला. प्रत्यक्ष खणणें २०१६ मध्यें सुरू झालें. त्याच वर्षीं डिसेंबरांत माओवाद्यांनीं खनिज वाहणाऱ्या ७५ हून अधिक गाड्या जाळल्या आणि काम बंद पडलें. तें नेटानें पुन्हां सुरू झालें २०२१ सालीं. या चौदा वर्षांचा विलंब केवळ परवान्यांच्या माथीं मारणें कितपत न्याय्य होईल? वनसंरक्षणाचा १९८० चा कायदा, ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनीं मार्गांत पायऱ्या घातल्या हें खरें; परंतु बंदूक आणि जाळपोळ हीं कांहीं कोणत्या नियमाच्या पुस्तकांतलीं कलमें नव्हेत.

आतां दुसरी बाजू. पर्यावरण खात्याच्या मंजुरीपत्रांत एक आंकडा असतो: वर्षास किती टन खनिज काढावें. सूरजागडचा हा आंकडा ३० लक्ष टन होता. २०२३ सालीं तो १ कोटी टन झाला. कागदावर हा केवळ अंकांचा फरक. पण एटापल्लीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस राहणारास तो अवजड गाड्यांची रांग, तांबडी धूळ आणि उखडलेली सडक या रूपानें दिसतो. उलट, त्याच आंकड्याच्या बळावर चामोर्शी तालुक्यांत कोनसरी येथें कारखाना उभा राहिला, कांहीं तरुणांस जिल्ह्यांतच रोजगार मिळाला, आणि हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाचा गाळ वाहणारी सुमारें ८५ किलोमीटर लांबीची नळवाट २०२५ सालीं सुरू झाली. तिच्यामुळें रस्त्यावरचा भार किती हलका होतो, हें वर्षावर्षानें मोजून पाहण्यासारखें आहे.

अशा परिणामांचें मोजमाप आधींच व्हावें म्हणून २००६ च्या अधिसूचनेनें जनसुनावणी ठरवून दिली आहे. ही सुनावणी प्रकल्पाच्या जागीं किंवा तिच्या अगदीं जवळ व्हावी, असा तिचा दंडक आहे. वाढीव खणण्याविषयींची २०२२ सालची सुनावणी मात्र डोंगरापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, गडचिरोली येथें झाली. ज्याच्या घरांत माडिया बोली बोलतात आणि ज्याचा दिवस रानांत जातो, त्यानें एवढी वाट तुडवून जाड अहवालावर मत द्यावें, ही अपेक्षा नियमाच्या अक्षरांतहि बसत नाहीं, मग हेतूंत कोठून बसावी? शिवाय असा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचें वेतन अर्जदारच देतो. वजन करणारा ज्याचा माल त्याच्याच पदरीं असला, म्हणजे तराजू कितीहि चोख असो, गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाहीं.

नियम नेहमीं गांवकऱ्याच्या विरुद्धच जातो, असें मात्र नाहीं. याच जिल्ह्यांत मेंढा-लेखा गांवीं उलट घडलें. १९२७ च्या वन कायद्यांत ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येंत बांबूहि घातला होता. वास्तविक बांबू ही गवताची जात! पण त्या एका शब्दामुळें तो इमारती लाकडाच्या पंक्तीस बसला, आणि गांवकऱ्याच्या दारचा बांबू त्याला विकतां येईना. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत गणला. मेंढा-लेखास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. बांबू तोच, रान तेंच. परवाना देणारा हात बदलतांच मालाचा धनी बदलला.

लोखंडाच्या बाबतींत धन्यास नव्हे, तरी शेजाऱ्यास वांटा मिळावा, अशी तजवीज २०१५ सालीं झाली. लोहखनिजाच्या सरासरी विक्रीदराच्या शेंकडा १५ इतकें स्वामित्वधन सरकारास मिळतें. लिलांवापूर्वींच्या जुन्या खाणपट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या शेंकडा ३० इतकी रक्कम आणखी जिल्हा खनिज प्रतिष्ठानास द्यावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागें साडेचार रुपये खाणीच्या झळा सोसणाऱ्या मुलुखासाठीं. रक्कम लहान दिसते, पण कोटी टनांनीं गुणल्यास ती लहान राहत नाहीं. या पैशांतून डोंगराच्या पायथ्याशीं किती विहिरी बांधल्या, किती शाळांस शिक्षक मिळाले, किती दवाखान्यांत डॉक्टर बसला, हें गांवोगांव जाऊन, गांवच्या भाषेंत विचारणें, यालाच नियमाच्या परिणामाचें मोजमाप म्हणतां येईल.

खाणींतून निघणारी प्रत्येक गाडी कांट्यावर चढते आणि तिचें वजन वहींत नोंदलें जातें. त्या वहीशेजारीं दुसरी एक वही हवी. तींत पायथ्याच्या ओढ्याचें पाणी, मोहाच्या झाडांची संख्या, रस्त्यावरील अपघात आणि नोकरीस लागलेल्या मुलांचीं नांवें दरवर्षीं लिहिलीं जावींत. आणि ती वही जानेवारींत ठाकुरदेवाच्या यात्रेस जमणाऱ्या लोकांसमोर, त्यांच्याच बोलींत वाचून दाखवावी. तोंवर सूरजागडच्या नियमांची परीक्षा अर्धीच झाली, असें समजावें.