दिसले तेवढेच लिहावे

श्रोतेहो, अमावास्या म्हटली की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. प्रवासाला निघायचे नाही, नवे काम हाती घ्यायचे नाही, मुलांना तिन्हीसांजेनंतर बाहेर सोडायचे नाही. परंतु आपल्यातच अशी काही माणसे आहेत, की जी महिनाभर अमावास्येकडे डोळे लावून बसलेली असतात. पंचांग उघडले की सण आणि मुहूर्त बाजूला ठेवून अमावास्येच्या जवळचा शनिवार कोणता, हे ती आधी पाहतात. ही माणसे म्हणजे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांच्या मंडळांविषयी, आणि अशाच एका मंडळात मला मिळालेल्या धड्याविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे.

अशी मंडळे महाराष्ट्राला नवी नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ती भारतातील सर्वांत जुनी संस्था. पुढे १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि त्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. कर्जतच्या रेल्वेमार्गावरचे वांगणी हे लहानसे गाव या मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांमुळे कितीतरी लोकांच्या ओळखीचे झाले. या थोरल्या संस्थांच्या मागोमाग तालुक्याच्या गावांतूनही वीस-पंचवीस माणसांची धाकटी मंडळे निघाली. आमचे मंडळ त्यांपैकीच एक.

आमच्या मंडळाला स्वतःची वास्तू नाही. एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग महिन्यातून एका रविवारी आम्हांला मिळतो. तेथे निवृत्त पोस्टमास्तर, एक शिंपी, एक दंतवैद्य, एक रिक्षावाले गृहस्थ, महाविद्यालयातली चार-दोन मुले आणि शाळेतल्या मुली एकाच बाकावर बसतात. कुणी उल्कांविषयी वाचून आलेला असतो, कुणी दुर्बिणीचा आरसा घासत बसतो. हे आरसा घासणे मोठे पाहण्यासारखे असते बरं का! काचेच्या दोन जाड चकत्या एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालायचे, आणि घासत राहायचे. हळूहळू वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. त्या खोलगट काचेतूनच पुढे दुर्बिणीचा आरसा तयार होतो. आमच्या शिंपीमामांनी असा सहा इंची आरसा स्वतःच्या हातांनी घासला आहे. ते म्हणतात, “कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं, काचेला ठिगळ नाही.”

मी स्वतः विज्ञानाचा माणूस नव्हे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एका मित्राच्या आग्रहाखातर मंडळात गेलो आणि शिकल्यासवरल्या माणसाच्या नशिबी येते तेच माझ्याही नशिबी आले. दोन वर्षांच्या आत मला चिटणीस करण्यात आले!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कार्तिक अमावास्येच्या सुमाराचा शनिवार होता. गावापासून चाळीस किलोमीटरवरच्या एका खेड्यातील शाळेच्या पटांगणावर आम्ही मुक्कामाला गेलो होतो. सरपंचांनी पटांगणावरचा दिवा आपण होऊन बंद करवला. सतरंज्या अंथरल्या, बॅटऱ्यांना लाल जिलेटिनचे कागद गुंडाळले, कानटोप्या चढवल्या. त्या रात्रीचे काम ठरलेले होते. मायावतीचे निरीक्षण करायचे.

मायावती हा ययाती तारकासमूहातील एक तारा. नाव मोठे सार्थ आहे, कारण त्याचे तेज बदलते. वस्तुतः तेथे दोन तारे परस्परांभोवती फिरत असतात. दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी त्यांतला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहता एक प्रकारचे ग्रहणच लागते. त्या वेळी मायावतीचे तेज जवळजवळ एक-तृतीयांशावर उतरते आणि पुन्हा चढते. हा सगळा खेळ सुमारे दहा तासांचा, आणि तो पाहायला नुसते डोळे पुरतात. शेजारच्या ताऱ्यांची तेजस्विता ठाऊक असते. मायावती यापेक्षा फिकी आहे, त्यापेक्षा उजळ आहे, असे ताडून दर अर्ध्या तासाने वहीत आकडा लिहायचा, की झाले. दुसऱ्या दिवशी त्या आकड्यांचा आलेख काढला म्हणजे तेज सर्वांत कमी केव्हा झाले ते कळते.

ती वेळ छापील कोष्टकात आधीच दिलेली असते. ते कोष्टक चिटणीस या नात्याने माझ्याजवळ होते. पोस्टमास्तरकाका मला म्हणाले, “सर, कागद खिशात असू द्या. डोळ्यांत नको.” इतरांना त्यांनी वेळ सांगूच दिली नाही. मी मात्र वेळ काढून ठेवली होती. रात्री बारा वाजून चाळीस मिनिटे.

साडेदहा, अकरा. मी इमानेइतबारे आकडे लिहिले. पुढे चहा आला, गावातली काही वडीलधारी मंडळी येऊन बसली, आणि त्यांच्याशी पेशवाईच्या गोष्टी बोलण्यात मी असा रंगलो की साडेअकराची नोंद राहिली, बाराचीही राहिली. सतरंजीवर परतलो तेव्हा वहीतल्या दोन कोऱ्या ओळी पाहून मला लाज वाटली. चिटणिसाची वही आणि तीत कोऱ्या ओळी! तेज कसे उतरत जाते ते मला ठाऊक होते. हिशेबाने जे यायला हवे ते दोन आकडे मी लिहून टाकले. कुणाचे काय बिघडणार होते?

पहाटे काकांनी सगळ्या वह्या गोळा केल्या आणि उजाडल्यावर शाळेच्या ओट्यावर बसून ते आकडे एकत्र मांडू लागले. मी शेजारीच होतो. माझी वही त्यांनी पाहिली, पुन्हा पाहिली आणि हलक्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असे, म्हणाले, “सर, बारा वाजता ययातीवर ढग होता.”

आठवीतल्या एका मुलीची वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. बाराच्या ओळीत तिने लिहिले होते, ‘ढग. दिसलं नाही.’

गोष्ट येथेच संपली असती तर बरे होते. पण आलेख काढला तेव्हा त्या मुलीचा, शिंपीमामांचा, रिक्षावाल्यांचा, सगळ्यांचा खळगा एकच्या पुढे येत होता, एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास. माझाच तेवढा बारा-चाळीसला. कोष्टक बाहेर काढले. त्यात वेळ ग्रीनिचची, एकोणीस वाजून चाळीस मिनिटे. आपली वेळ काढायला तीत साडेपाच तास मिळवायचे असतात. मी पाचच मिळवले होते! म्हणजे मुलीचे डोळे खरे होते, कोष्टक खरे होते, आणि मधला मी तेवढा खोटा होतो.

आणि श्रोतेहो, त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ते दोन आकडे मी बनवले होते हे मला ठाऊक होते. परंतु साडेबारा, एक, दीड यांच्या नोंदी मी खरोखर आकाशाकडे पाहून केल्या होत्या. एक वाजता मायावती पुन्हा उजळू लागली आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. निदान मला तसे वाटले होते. प्रत्यक्षात ती अजून मंदावतच होती. खिशातला कागद डोळ्यांत गेला होता तो असा.

वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, की बखर आणि पत्र यांत भेद करावा. लढाईच्या दिवशी छावणीतून लिहिलेल्या पत्रात गोंधळ असतो, अर्धवट बातमी असते, ‘अद्याप कळले नाही’ असेही असते. बखर मागाहून लिहिली जाते. शेवट ठाऊक असलेला माणूस ती लिहितो, म्हणून ती सुरेख जुळते. इतिहासकाराने आधी विचारावे ते पत्राला. हे शिकवणाऱ्या माझ्या हातून त्या रात्री बखर लिहिली गेली, आणि आठवीतल्या मुलीने पत्र लिहिले.

हौशी माणसाच्या नोंदीला किंमत आहे का, असे पुष्कळ लोक विचारतात. याच मायावतीची गोष्ट सांगतो. इंग्लंडमधील यॉर्क शहरी जॉन गुडरिक नावाचा तरुण राहत असे. लहानपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. एडवर्ड पिगॉट हा शेजारी त्याचा सोबती, म्हणजे दोघांचेच मंडळ म्हणा ना! १७८२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने मायावती मंदावलेली पाहिली, रात्रीमागून रात्री नोंदी केल्या आणि तिचा आवर्तकाल काढला. ताऱ्याच्या आड काहीतरी येत असावे, असा तर्कही त्याने केला. १७८३ साली रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १७८६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो वारला. त्याचा तर्क वर्णपटाच्या साहाय्याने खरा ठरला तो १८८९ साली.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर राधागोविंद चंद्र यांचे घ्या. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात ते नोकरीला होते. दिवसा रुपये-आणे मोजावेत आणि रात्री तारे पाहावेत, असा त्यांचा क्रम. रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतील निरीक्षक-संघाकडे पाठवल्या. त्या संघाने त्यांना एक दुर्बीणही वापरायला दिली होती. सदतीस हजार वेळा एका माणसाने, जे दिसले तेवढेच लिहिले!

आमच्या मंडळाच्या कपाटात जुन्या वह्या आहेत. पूर्वी मंडळ गावाबाहेरच्या टेकडीवर जात असे. तेथल्या आरंभीच्या वह्यांत नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांचे सहा, कधी सात तारे मोजल्याच्या नोंदी आहेत. पुढच्या वह्यांत चार-पाच, आणि शेवटी एके ठिकाणी, ‘पुसट ठिपका, मोजता येत नाही.’ टेकडीच्या पायथ्याशी वस्ती झाली, रस्त्यावर दिवे आले. त्याबद्दल तक्रार करावी असे मी म्हणत नाही, रात्री रस्त्याला उजेड हवाच. पण जो उजेड रस्त्यावर पडायचा तो निम्मा आभाळात सांडतो, त्याला साधी टोपी घालता येते, एवढे तरी आपल्या ध्यानात यावे. आपण काय गमावले ते आम्हांला कळले ते या प्रामाणिक वह्यांमुळेच. एखाद्याने ‘कृत्तिकांत सहा तारे असतातच’ म्हणून दर वेळी सहा लिहिले असते, तर टेकडीवरचे आकाश गेले हे वहीला कळलेच नसते.

त्या दिवशी परतताना गाडीत मी काकांना म्हणालो, “माझी वही फाडून टाकतो.” ते म्हणाले, “फाडू नका सर. त्या दोन ओळींवर काट मारा आणि समासात लिहा, की या मी पाहिल्या नाहीत. खाली सही करा.” मी तसे केले. मंडळात नवीन कुणी आले की पहिल्या दिवशी आम्ही त्याला दोन वह्या दाखवतो, एक त्या मुलीची आणि एक माझी.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावात असे मंडळ असेल तर पुढच्या अमावास्येला अवश्य जा. नसेल तर चार शेजारी मिळून काढा. दुर्बीण नसली तरी अडत नाही. सतरंजी, कानटोपी, पेन्सिल आणि वही एवढ्यावर भागते. गच्चीवर निजावे, वर पाहावे आणि दिसले तेवढेच लिहावे. ढग आला तर ‘ढग’ असे लिहावे. वहीतला तो शब्दही खराच असतो.